मॉस्कोच्या 'इलेक्ट्रोझावोद्स्काया' स्थानकाच्या छतात एवढे दिवे का आहेत?

मॉस्कोच्या या मेट्रो स्थानकाच्या छतात शेकडो दिवे का बसवले आणि त्याचा कामगारांशी काय संबंध, असे आपण विचारले आहे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मी २२ वर्षे ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचे काम केले. मॉस्को पाहिलेले नाही, पण या स्थानकाचे कुतूहल जुने असल्याने वाचनातून जे समजले ते लिहितो.

रशियन भाषेत 'झावोद' म्हणजे कारखाना. या भागातील 'इलेक्ट्रोझावोद' या विजेच्या कारखान्यात दिवे आणि ट्रान्सफॉर्मर तयार होत, आणि स्थानकाला त्याचेच नाव मिळाले. व्लादिमिर शुको आणि व्लादिमिर गेल्फ्राइख या वास्तुविशारदांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वीच आराखडा हाती घेतला होता. १९३९ मध्ये शुको वारल्यानंतर गेल्फ्राइख यांनी इगोर रोझिन यांच्यासह तो पूर्ण केला. मधल्या दालनाच्या कमानदार छतात सहा रांगांमध्ये एकूण ३१८ गोल दिवे खोलगट बसवलेले आहेत. झुंबरे टांगून शोभा आणण्याऐवजी कारखान्याच्या मालाचेच छत करावे, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

जमिनीखाली खोल असलेल्या या स्थानकात तीन समांतर बोगदे असून त्यांना जोडणाऱ्या वाटांच्या मध्ये जाड खांब आहेत. वेरूळचे दहावे लेणे पाहिलेल्यांना हे चटकन उमगेल, कारण तेथेही जागा कोरून काढताना जे राखले तेच खांब झाले. (त्या लेण्याला आपल्याकडे 'सुताराची झोपडी' म्हणतात आणि त्याच्या छतात लाकडी वासे दगडात कोरलेले आहेत. कारागिराचे काम छतातून ओळखू यावे, ही रीत तशी जुनीच.)

युद्धामुळे थांबलेले बांधकाम युद्धकाळातच पुन्हा सुरू झाले. १९४४ च्या जानेवारीत या मार्गावर गाड्या धावू लागल्या, तरी हे स्थानक प्रवाशांसाठी उघडले ते १५ मे १९४४ रोजी, म्हणजे मॉस्को मेट्रोच्या बरोबर नवव्या वाढदिवशी. युद्ध सुरू असल्याने खांबांवर शिल्पकार गिऑर्गी मोतोविलोव्ह यांची जी उठावशिल्पे बसली, त्यांत आघाडीवर लढणारे सैनिक मुख्य नाहीत, तर पिछाडीला राबून सैन्य उभे ठेवणारी माणसे आहेत. १९४६ मध्ये गेल्फ्राइख आणि रोझिन यांना या कामासाठी स्टालिन पारितोषिक मिळाले.

एक गोष्ट मात्र मला खटकते. वरच्या प्रवेशदालनात गिल्बर्ट, फ्रँकलिन, लोमोनोसोव्ह, फॅरडे, याब्लोच्कोव्ह आणि पोपोव्ह या सहा वैज्ञानिकांच्या प्रतिमा आहेत; खाली राबणारी माणसे मात्र निनावीच राहिली. तरीही प्रवेशदालनाबाहेर मत्वेय मानिझेर यांनी घडवलेला पुतळ्यांचा समूह आहे, तो बोगदे खणून मेट्रो उभारणाऱ्या कामगारांचा. आपण कधी तेथे गेलात, तर जिना उतरण्याआधी तो अवश्य पाहावा.