नोकरी सांभाळून पीई सिव्हिलची (अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरच्या लायसन्सची) परीक्षा पुन्हा द्यायची आहे. या वेळी तयारी कशी करू?

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी: पुण्यातून बी.ई., इथे अमेरिकेत एम.एस., एफई (पीईच्या आधीची पायाभूत परीक्षा) झालेली, कन्सल्टिंग कंपनीत रस्त्यांच्या डिझाइनची नोकरी, घरात दीड वर्षाचं मूल, आणि पीई सिव्हिलच्या ट्रान्सपोर्टेशन शाखेचा निकाल नापास. आता सगळं पहिल्यापासून वाचायचं की महागडा क्लास लावायचा, हे तुम्ही विचारताय.

माझ्या मते दोन्ही नको. निदान पहिल्या महिन्यात तरी नको.

मी न्यू जर्सीत हेच काम करते. मलाही ही परीक्षा पहिल्या खेपेत सुटली नव्हती, आणि नंतर ऑफिसातली बरीच पोरं दुसऱ्यांदा तयारीला बसताना जवळून पाहिली. दुसऱ्यांदा बसणाऱ्याला विषय अजिबात येत नाही, असं फार क्वचित असतं. रोजचं कामच ते आहे. अडचण असते ती वेळेत सापडण्याची. ८० प्रश्न, ८ तास, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी सहा मिनिटं. त्यातली तीन मिनिटं 'हे सूत्र कुठं पाहिलं होतं बरं' यात गेली की गणित येत असूनही सुटत नाही. ही परीक्षा घेणारी संस्था एनसीईईएस पास होणाऱ्यांची टक्केवारी जाहीर करते, त्यात पुन्हा बसणाऱ्यांचा आकडा पहिल्यांदा बसणाऱ्यांपेक्षा खाली असतो. पुष्कळ जण पहिल्या वेळी केलं तेच दुसऱ्यांदा जास्त तास करतात, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं.

आधी निकालाबरोबर आलेला डायग्नोस्टिक रिपोर्ट उघडा. वाईट वाटतं म्हणून बहुतेक जण तो एकदा बघून बंद करतात. त्यात प्रत्येक विषयाचे किती प्रश्न होते, तुमची कामगिरी कशी होती आणि पास झालेल्यांची सरासरी कुठे होती, हे शेजारी शेजारी दिलेलं असतं. तो वाचताना एक सावधगिरी बाळगा. चारच प्रश्नांच्या विषयात एक प्रश्न इकडचा तिकडे झाला तरी पट्टी धाडकन खाली येते, म्हणून तिथला मोठा खड्डा पाहून घाबरू नका. ज्या विषयाचे प्रश्न जास्त आहेत आणि तुम्ही सरासरीच्या जरा खाली आहात, तिथे गुण पडून आहेत. असे दोन-तीन विषय निवडा आणि पहिला महिना फक्त त्यांनाच द्या. बाकीचं राहू दे तसंच.

किती प्रश्न बरोबर आले की पास, यावर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर तावातावाने चर्चा चालते. तो आकडा एनसीईईएस जाहीर करत नाही. कुणी छातीठोकपणे सांगितला तर ऐकून सोडून द्या. निगेटिव्ह मार्किंग नाही, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवा आणि एकही प्रश्न कोरा सोडू नका.

दुसरी गोष्ट, सीनिअरने प्रेमाने दिलेलं पुस्तकांचं खोकं. ते परत करा. २०२१ पर्यंत ही परीक्षा कागदावर, वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये व्हायची. लोक चाकांच्या बॅगेतून पुस्तकं ओढत न्यायचे, रंगीबेरंगी चिकटपट्ट्या लावलेली. जानेवारी २०२२ पासून ती पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या परीक्षा सेंटरवर कॉम्प्युटरवर होते आणि स्वतःचा एक कागदही आत नेता येत नाही. हँडबुक (एनसीईईएसचं सूत्रांचं पुस्तक) आणि कोड (डिझाइनच्या नियमांची पुस्तकं) सगळे पडद्यावर. एप्रिल २०२४ पासून सकाळी सगळ्यांना समान पेपर आणि दुपारी आपापल्या शाखेचा, ही विभागणीही गेली. आता ८० च्या ८० प्रश्न तुमच्या शाखेच्या अभ्यासक्रमातून येतात. जुन्या पुस्तकातली गणितं सरावाला वाईट नाहीत, पण कशावर भर द्यायचा हे त्या पुस्तकाला विचारू नका. एनसीईईएसच्या साइटवर अभ्यासक्रमाचं पत्रक आहे, तेच प्रमाण माना. त्यातच कोणत्या कोडची कोणती आवृत्ती धरली आहे तेही दिलेलं असतं. हे नीट बघा, कारण ऑफिसात आपण वेगळीच आवृत्ती वापरत असतो. एमयूटीसीडीची, म्हणजे पाट्या-सिग्नलच्या नियमपुस्तकाची, अकरावी आवृत्ती डिसेंबर २०२३ मध्ये आली. तुमच्या टेबलावर कोणती आहे याच्याशी परीक्षेला देणंघेणं नाही, पत्रकात जी लिहिली आहे ती धरायची.

हँडबुकची पीडीएफ एनसीईईएसच्या खात्यातून फुकट मिळते. सराव करताना फक्त तीच उघडायची. गूगल नाही, ऑफिसातली एक्सेल शीट नाही, मित्राने बनवलेलं सूत्रांचं पान तर नाहीच. घरी दोन मॉनिटर असतील तर एक बंद करा. सेंटरवर एकच पडदा असतो, अर्ध्यावर प्रश्न आणि अर्ध्यावर पुस्तक. कोडचे भागही तिथे प्रकरणवार उघडावे लागतात, त्यामुळे कोणती गोष्ट कोणत्या प्रकरणात आहे हे डोक्यात असल्याशिवाय नुसता सर्च कामाला येत नाही.

सर्चच्या बाबतीत भारतातून शिकून आलेल्यांची एक खास अडचण आहे. आपण कॉलेजात आयआरसीच्या (भारतातल्या रस्त्यांच्या मानकांच्या) भाषेत शिकलो: समिट कर्व्ह (उंचवटा), व्हॅली कर्व्ह (खोलगट भाग), कॅम्बर (रस्त्याचा आडवा उतार). ग्रीन बुकात (इथल्या रस्ते डिझाइनच्या पुस्तकात) तेच क्रेस्ट, सॅग, क्रॉस स्लोप. ऑफिसात आपण हे इथले शब्द सहज बोलतो, पण घड्याळ टिकटिकायला लागलं की हात जुनाच शब्द टाइप करतो. युनिट्सचं तर विचारूच नका. पाण्याच्या प्रवाहाचं मॅनिंगचं सूत्र आपल्या बोटांत १ भागिले एन असं बसलेलं. इथे फूट-सेकंदात ते १.४८६ भागिले एन. ते विसरलात तर उत्तर जवळजवळ दीडपट चुकतं, आणि तेच चुकीचं उत्तर पर्यायांत तुमची वाट बघत असतं.

पर्याय कसे रचलेले असतात, याचं एक उदाहरण घ्या. वेग ताशी ६० मैल, रस्ता ३ टक्के उतरता, स्टॉपिंग साइट डिस्टन्स (अडथळा दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर) काढा. प्रतिक्रियेचा वेळ २.५ सेकंद, डिसेलरेशन (वेग कमी होण्याचा दर) ११.२ फूट प्रति सेकंद वर्ग. पहिला भाग १.४७ गुणिले ६० गुणिले २.५, म्हणजे साधारण २२० फूट. ब्रेक लावल्यानंतरचं अंतर म्हणजे ६० चा वर्ग भागिले ३० गुणिले कंसात ११.२ भागिले ३२.२, वजा उताराचे ०.०३. हे येतं ३७८ च्या आसपास. एकूण ५९८ फूट. आता उताराकडे दुर्लक्ष केलंत तर ५६६ येतं. चिन्ह उलटं घेऊन चढ धरलात तर ५४० च्या आसपास. प्रश्न काढणारा हे दोन्ही आकडे पर्यायांत ठेवणार, हे धरून चाला. म्हणजे आपलं उत्तर पर्यायांत सापडलं, एवढ्यावरून ते बरोबर असं समजायचं नाही. मी सरावात प्रत्येक गणिताशेजारी एक ओळ लिहायचे: यात फसवणूक कुठे होती? उतार, युनिट, की प्रश्नातला एखादा शब्द? थोड्या दिवसांनी वही चाळली तर फसण्याच्या जागा मोजक्याच आणि त्याच त्या निघाल्या. अशी वही एका क्लासच्या बरोबरीची आहे.

क्लासबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. रेकॉर्ड केलेली लेक्चर्स बघताना अभ्यास होतोय असं छान वाटतं. शिकवणारा सोडवतो, आपण मान डोलावतो, आणि रविवार संपतो. एखादा विषय कॉलेजातही धड झाला नसेल, समजा सिग्नल टायमिंग किंवा रस्त्याच्या थरांखालची माती, तर त्यापुरती लेक्चर्स बघा. अख्खा कोर्स पुन्हा घ्यायचा असेल तर आधी स्वतः घड्याळ लावून ४० प्रश्नांचा एक पेपर सोडवा आणि मग ठरवा. एनसीईईएसची स्वतःची सराव परीक्षा विकत मिळते, ती मात्र जरूर घ्या. प्रश्नांची भाषा तिथेच खरी कळते. ती सुरुवातीलाच फोडून संपवू नका, परीक्षेच्या दोन-तीन आठवडे आधी एका शनिवारी आठ तास सलग बसून सोडवा.

आता वेळेचं. तुम्ही लिहिलंय की रात्री मूल झोपल्यावर बसतो. मलाही आधी तेच सोयीचं वाटलं होतं, पण दिवसभर प्लॅन शीटवरचे लाल शेरे निस्तरून झाल्यावर रात्री दहाला डोकं गणितं वाचतं, सोडवत नाही. पहाटे पाचला उठून दीड तास मिळाला तर तो रात्रीच्या तीन तासांना भारी पडतो. घरच्यांशी हे बोलून ठरवा, कारण पहाटे उठायचं तर रात्री भांडी, बाळाची बाटली आणि डायपर कुणाच्या वाट्याला, हा खरा प्रश्न आहे. जोडीदाराला फक्त 'अभ्यास आहे' असं सांगू नका. कुठले दिवस, किती वाजेपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे फ्रिजवर लावा. भारतात फोन करायची वेळही ठरवून टाका. शनिवार सकाळ आई-बाबांच्या व्हिडिओ कॉलमध्ये कशी जाते हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आणि मंडळाच्या गणपतीच्या नाटकात या वर्षी भूमिका घेऊ नका. तालमी शनिवार-रविवारीच असतात.

ऑफिसात मॅनेजरला सांगा. नापास झालेलं कळेल म्हणून लोक लपवतात आणि मग परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ९० टक्के सबमिटल (जवळजवळ पूर्ण झालेलं डिझाइन सादर करणं) अंगावर येतं. तारीख घेण्याआधी प्रोजेक्टचं वेळापत्रक समोर ठेवा आणि सबमिटलनंतरचा आठवडा पकडा. परीक्षेआधी दोन-तीन दिवस सुट्टी आत्ताच टाकून ठेवा. पास झाल्यावर फी परत देणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत, तुमच्या एचआरला विचारा. एनसीईईएसची फी ४०० डॉलर आहे, काही राज्यांच्या लायसन्स देणाऱ्या बोर्डाची वेगळी.

तारखेची घाई करायची का? एका तिमाहीत एकदाच आणि कुठल्याही बारा महिन्यांत तीनदाच बसता येतं. तिमाही म्हणजे जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून अशी. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत, म्हणून आपल्या बोर्डाचं पान वाचून घ्या. लगेच पुढच्या तिमाहीत बसावं की एक सोडावी, यावर माझा कल असा: तुमचे आकडे बहुतेक विषयांत सरासरीच्या आसपास असतील तर थांबू नका, चार महिन्यांत विसरायला होतं. निम्म्याहून जास्त विषयांत खाली असाल तर एक तिमाही सोडा. आणि शाखा बदलून वॉटर रिसोर्सेस घेऊ का, असा विचार डोक्यात आला असेल तर काढून टाका. रोज आठ तास रस्ते करणाऱ्याने पाइपांच्या पेपरला बसणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं.

कॅल्क्युलेटर तुमच्याकडे बहुधा आहेच. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी घेतो तो कॅसिओ एफएक्स-९९१ चालतो. फक्त नवा घेतलात तर सराव त्याच्यावरच करा. बटणांच्या जागा थोड्या इकडेतिकडे असतात आणि चुका तिथे होतात.

परीक्षेच्या दिवशी एक गोष्ट मात्र नक्की करा. पेपर दोन भागांत येतो. पहिला भाग जमा केला की त्यात परत जाता येत नाही, मग ५० मिनिटांचा ब्रेक. आठ तास दोन्ही भागांत मिळून आहेत, मध्ये कुणी तुम्हाला थांबवत नाही. पहिल्या भागात रेंगाळून पाच तास घालवले तर दुसऱ्याला तीनच उरतात, आणि दुपारी हात आधीच मंदावलेले असतात. मी पहिल्या फेरीत फक्त पटकन होणारे प्रश्न सोडवले, बाकीच्यांना खूण केली, दुसऱ्या फेरीत हँडबुक लागणारे घेतले आणि चार तासांच्या थोडं आतच पहिला भाग जमा केला. राहिलेल्या दोन-तीन प्रश्नांना अंदाजाने उत्तर ठोकलं. डबा हलका न्या, दोन पोळ्यांचा रोल पुरे. निकाल साधारण ७ ते १० दिवसांत ई-मेलवर येतो.