परत आलेला डबा धुण्याआधी उघडून बघा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी आणि सासूबाई मिळून साताऱ्यात घरगुती डबे देतो, 60 डबे जायचे, बहुतेक एमआयडीसीतली मुलं. तीन महिन्यांत 15 गिऱ्हाइकं सुटली. विचारलं तर सगळे म्हणतात जेवण छान आहे! भाचा म्हणतो डिझाइन थिंकिंग कर, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावून करतात म्हणे. आमच्यासारख्यांना त्याचा काही उपयोग आहे का?

उत्तर : आहे ना, नक्की आहे. डिझाइन थिंकिंग म्हणजे वापरणाऱ्याची अडचण नीट समजून घ्यायची आणि मग उपाय थोडक्यात करून बघायचा. फक्त चिठ्ठ्या नंतर, आधी जाऊन बघायचं, खरा जीव त्यातच आहे.

गोदरेजचं छोटूकूल, तो लहानसा फ्रिज, आठवतंय? गावात फ्रिज परवडत नाही तर लहान नि स्वस्त करू, एवढ्यावर थांबले असते तर ते झालंच नसतं. लोकांच्या घरी जाऊन बघितलं तर जागा कमी, लाइट सारखी जाते, आणि ठेवायचं काय तर थोडं दूध, भाजी, गार पाणी. मग गार करणारं यंत्र, म्हणजे कॉम्प्रेसरच काढला, वीज दिली की गार होणाऱ्या छोट्या चिपवर चालणारा 43 लिटरचा डबा केला, 8 किलोच्या आतला, बॅटरीवरही चालणारा, आणि झाकण वरून, कारण समोरून दार उघडलं की गार हवा खाली निघून जाते. 2008 मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, बायकांना बोलावून नमुने दाखवले, त्यांचं मत घेतलं. तरी गावात हवा तसा खपला नाही हेही सांगते, पुढे दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागलं, म्हणजे एकदा बघून भागत नाही.

आता तुमचं. तोंडावर कोण वाईट म्हणणार हो? आठवडाभर परत आलेला प्रत्येक डबा धुण्याआधी उघडून बघा, आमटी सांडून पोळ्या ओल्या झाल्यात का, भात तसाच आलाय का, वहीत लिहा. एक दिवस डबेवाल्या मुलासोबत स्वतः जा. सुटलेल्या दोघा-तिघांना भेटा पण का सोडलं असं विचारू नका, काल दुपारी काय खाल्लं, कुठे बसून खाल्लं एवढंच विचारा. कदाचित सुट्टीच 20 मिनिटांची असेल आणि चार पुडाचा डबा मांडायला जागाच नसेल, मग तुम्ही चव कितीही बदला!

कारण सापडलंसं वाटलं तरी लगेच 45 च्या 45 डबे बदलू नका, घरातलेच डबे वापरून पाच जणांना चार दिवस वेगळं देऊन बघा, आणि परत आले की सासूबाईंना शेजारी बसवूनच उघडा, त्यांच्या नजरेला तुमच्याआधी दिसेल.