वाचकांचे प्रश्न: पेशींना ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा

प्रश्न: हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी कर्करोग पेशी) १ टक्का ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये २४ तास ठेवल्या, तरी वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन ओळखण्याची चाचणी) हिफ-१ अल्फाची पट्टी येत नाही. अँटिबॉडी खराब असेल का? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर: अँटिबॉडीवर संशय नंतर घ्या, आधी घड्याळ पाहा. हिफ-१ अल्फा, म्हणजे ऑक्सिजन कमी पडल्यावर जनुके चालू करणारे प्रथिन, पेशीत सतत तयार होतच असते. ऑक्सिजन मिळाला की पीएचडी नावाची एन्झाइम त्याच्या ४०२ आणि ५६४ क्रमांकांच्या प्रोलिन या अमिनो आम्लांवर हायड्रॉक्सिल गट बसवतात, मग व्हीएचएल हे प्रथिन त्याला पकडते, युबिक्विटिनची खूणचिठ्ठी चिकटते आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतले प्रथिने तोडणारे यंत्र, त्याचा निकाल लावतो. चेंबरबाहेर पाच मिनिटांच्या आत निम्मे प्रथिन गेलेले असते. ट्रिप्सिन हे एन्झाइम लावून पेशी प्लेटवरून सोडवत बसलात, तर ब्लॉटवर दिसायला काही उरत नाही.

म्हणून प्लेट काढताच बर्फावर ठेवा, माध्यम ओढून घ्या, थंडगार पीबीएसने (क्षारयुक्त बफरने) एकदाच धुवा आणि पेशी फोडणारा गरम एसडीएस बफर थेट पेशींवर घालून खरवडा. हे चेंबरच्या आतच जमले तर फारच छान. २४ तासही नकोत, ४ ते ६ पुरे. हिफ स्वतःच पीएचडी-२ आणि पीएचडी-३ची जनुके चालू करते, त्यामुळे पुढे पट्टी फिकी होत जाते. माध्यमातला ऑक्सिजन सावकाश बाहेर पडतो, तेव्हा ते आदल्या रात्रीच चेंबरमध्ये ठेवा.

सोबत एक प्लेट साध्या इनक्युबेटरमध्ये १०० मायक्रोमोलर कोबाल्ट क्लोराइड घालून ४ तास ठेवा. पीएचडीला फेरस लोह लागते आणि कोबाल्ट नेमका तिथेच अडथळा आणतो, म्हणून ऑक्सिजन असूनही हिफ टिकते. या प्लेटची पट्टी आली, तर अँटिबॉडी निर्दोष. चूक चेंबरची किंवा हाताच्या वेगाची. पट्टी मात्र ११० ते १२० किलोडाल्टनच्या आसपास शोधा. अमिनो आम्लांच्या क्रमावरून काढलेले ९३ किलोडाल्टन हे वजन इथे फसवे आहे.

प्रश्न: लेहला गेल्यावर दोन दिवसांत हिमोग्लोबिन वाढते का?

उत्तर: रिपोर्टमध्ये थोडे वाढलेले दिसू शकते, पण ते रक्तद्रव घटल्यामुळे. साडेतीन हजार मीटरवर मूत्रपिंडातल्या पेशी हिफ-२ या हिफ-१च्या भावंड प्रथिनामार्फत काही तासांतच एरिथ्रोपोएटिन हे तांबड्या पेशी वाढवणारे संप्रेरक वाढवतात. तांबड्या पेशींची खरी भर पडायला मात्र आठवडे लागतात. श्वास लगेच वाढतो तो मानेतल्या कॅरोटिड बॉडीमुळे (रक्तातला ऑक्सिजन जोखणाऱ्या छोट्या अवयवामुळे), त्यासाठी जनुके चालू व्हावी लागत नाहीत. तेव्हा रिपोर्टवर विसंबून तिसऱ्याच दिवशी खार्दुंग ला ही आणखी उंच खिंड गाठू नका.