खरेदीखतानंतरची वर्षं

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. निसर्ग राखायला जमिनी विकत घेणाऱ्या तुमच्या निधीने पहिल्याच जमिनीचं काम तुझ्यावर सोपवलं, हे वाचून जीव सुपाएवढा झाला. पण खरेदीखतावर सह्या होण्याआधी थोडं बोलायचंय.

जमीन विकत घेऊन निसर्ग राखता येतो, यात मला तिळमात्र शंका नाही. नेदरलँड्समधलं नार्डरमेर हे तळं अ‍ॅमस्टरडॅमच्या कचऱ्याने बुजवायचं घाटत होतं. तेव्हा नुकत्याच निघालेल्या निसर्गसंस्थेने १९०६ मध्ये ते विकत घेतलं, म्हणून ते वाचलं. पण ते तळं जितंजागतं होतं. तुझ्या वाट्याला येतेय ती नांगरून, उपसून दमलेली जमीन. तिथे सही झाली की खरं काम सुरू होतं.

पूर्वी तिथे पाणथळ होती म्हणतेस, तर आधी चर शोध. नकाशात सापडणार नाहीत, पायांनीच शोधावे लागतील. आमच्या एका तुकड्यात गवताखाली हातभर रुंदीचा चर लपला होता. तेवढ्याने सगळं पाणी वाहून जायचं. आम्ही त्यात आडव्या फळ्या ठोकल्या, तिथलाच चिखल पायाने चेपून बसवला. काही महिने नुसतं गढूळ पाणी साचलं. मग एके सकाळी त्या पाण्यातून लव्हाळ्याचे कोंब वर आलेले दिसले, सुईसारखे, हिरवेगार. आम्ही बी टाकलंच नव्हतं. ते मातीतच दडून होतं. आजही ते आठवलं की गलबलून येतं.

दुसऱ्या ठिकाणी मात्र घाई केली. चर बुजवला आणि पाणी शेजारच्या शेतात शिरलं. त्या माणसाचं उभं पीक गेलं. भरपाई दिली, पण त्याचा विश्वास परत मिळवायला कितीतरी वर्षं गेली. म्हणून शेजाऱ्यांना आधी भेट. तिथून कोणाची वहिवाट आहे, कोण गवत कापतं, कोणाची गुरं पाण्यावर येतात, हे कागदावर नसतं.

झाडं लावण्याचा आग्रह होईलच, देणगीदारांना ते डोळ्यांना दिसतं. मूळचं कुरण असेल तर ठाम नाही म्हण. जंगल असलं तरी आधी ते कशामुळे अडलंय ते बघ. कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्तेमध्ये डॅनियल जॅन्झेन आणि विनिफ्रेड हॉलवॉक्स या जीवशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात शुष्क जंगल परत आणायला घेतलं, तेव्हा गुरांसाठी आणलेलं आफ्रिकी जारागुआ गवत पुन्हा पुन्हा पेटायचं आणि रोपं जळून जायची. सगळा भर दिला तो आग रोखण्यावर, आणि त्यासाठी आसपासचीच माणसं कामाला घेतली. बी बरंचसं वाऱ्याने आणि जनावरांनीच आणलं.

आता पैशाचं. खरेदीसाठी लोक हात सैल सोडतात, दहाव्या वर्षी रखवालदाराच्या पगारासाठी कोणी देत नाही. देखभालीची ठेव खरेदीबरोबरच बाजूला काढायला लाव. त्यापायी हेक्टर कमी घ्यावे लागले तरी चालतील. विश्वस्त कुरकुरतील, तू मागे हटू नकोस.

सह्या पुढच्या महिन्यात आहेत ना? त्याआधी एकदा भर पावसात तिथे जा आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं, ते मला हाताने काढून पाठव.

तुझा,
काका