केसांचं नंतर बघू, आधी तो पॉलिसीचा बाँड परत करा

म्हापशाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३१, कांदोळीच्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला नोकरी, घरी आई. जूनमध्ये डेंग्यू झाला आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुमारास केस मूठमूठ गळायला लागले. आता पर्यटनाचा सीझन तोंडावर आलाय आणि डिसेंबरात मावसबहिणीचं लग्न आहे. पर्वरीच्या एका सलूनने ४८,००० रुपयांत केराटिन बाँडचे (केराटिनच्या गोंदाने चिकटवायचे) 'पर्मनंट' एक्स्टेन्शन्स, म्हणजे आपल्या केसांना जोडायच्या बटा, सुचवलेत, बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. टेपचे घेतले तर २८,०००. स्वतःच्या केसांची वाट लागणार नाही असे कुठले घ्यावेत आणि ईएमआय घ्यावा का, असं त्या विचारतात.

पत्राच्या शेवटी, पैशांची तशी काळजी नाही हे मला पटावं म्हणून, आणखी चार ओळी आहेत. आईची एफडी रिन्यू करायला त्या बँकेत गेल्या होत्या. तिथल्या मॅडमनी 'एफडीसारखीच, पण जास्त फायद्याची' योजना दिली. वर्षाला ७५,०००, दहा वर्षं. पहिला हप्ता क्रेडिट कार्डावर भरला, पॉइंट्सही मिळाले. कार्डाचं बिल ८२,००० आलं, त्यातली किमान रक्कम ४,१०० भरून टाकली. पॉलिसीचा बाँड चवथीच्या दोन दिवस आधी घरी पोचला.

ताई, मी त्या चार ओळींवरच अडकलो. चवथ होऊन तीन आठवडे झाले. म्हणजे ती पॉलिसी रद्द करायला तुमच्या हातात जेमतेम एक आठवडा आहे, आणि तो सलूनमध्ये घालवायचा नाही.

तुम्ही घेतलीत ती एफडी नाही, आयुर्विम्याची पॉलिसी आहे. बाँडसोबतच्या तक्त्याचा फोटो तुम्ही पाठवलाय, तो नीट वाचा. दहा वर्षं ७५,००० भरायचे, म्हणजे साडेसात लाख. पंधराव्या वर्षाअखेर मिळणार साडेबारा लाख. ऐकायला भरघोस वाटतं, पण हिशेब केला तर परतावा वर्षाला ५ टक्क्यांच्या आसपास येतो. आईच्या एफडीवर याहून जास्त व्याज मिळतंय. बरं, विमा म्हणून बघावं तर संरक्षण साडेसात लाखांचं. तुमच्यामागे आईला ते किती दिवस पुरेल?

आणि हे ५ टक्के मिळवायला तुम्ही किती टक्क्यांनी पैसे उचललेत? कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाला ४२. उरलेल्या ७८,००० वर महिन्याचं व्याज २,७००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ५००. पुढच्या महिन्यात पुन्हा किमान रक्कम म्हणून चार हजार भराल, त्यातले ३,२०० व्याजात जातील आणि मुद्दल आठशेने कमी होईल. ते पॉइंट्स वटवलेत तर फार तर एक बरी फिश थाळी येईल.

आता महिन्याचं गणित. पावसात हॉटेलच्या सर्व्हिस चार्जमधला वाटा नसतो तेव्हा तुमच्या हातात २६,००० येतात असं तुम्हीच लिहिलंय. घरी १०,०००, स्कूटर आणि फोनचे ३,०००. राहिले १३,०००. कार्डाचे ४,०००, सलूनचा हप्ता ४,०००, पुढच्या वर्षीच्या प्रीमियमसाठी महिन्याला सव्वासहा हजार बाजूला. झाले सव्वाचौदा. दर महिन्याला सव्वा हजार कमी पडतात, आणि अजून तुम्ही स्वतःसाठी चहासुद्धा घेतलेला नाही. सीझनमध्ये भरून काढू म्हणाल, तर अख्खा सीझन पावसाळ्याची उधारी फेडण्यात जाईल.

तेव्हा उद्याच हे करा. पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती रद्द करता येते. याला फ्री लूक म्हणतात. ही मुदत पूर्वी १५ दिवसांची होती, २०२४ पासून ३० झाली. विमा कंपनीला (बँकेला नव्हे, कंपनीला) ईमेल करा: पॉलिसी क्रमांक, बाँड मिळाल्याची तारीख, आणि 'एफडी म्हणून सांगून विकली, अटी मान्य नाहीत, फ्री लूकमध्ये रद्द करावी' एवढंच. कुरियरचं पाकीट किंवा मेसेज असेल तर त्याचा फोटो जोडा. तोच अर्ज कंपनीच्या शाखेत देऊन शिक्का मारलेली पोच घ्या. स्टॅम्प ड्युटी, झालेल्या दिवसांचं विम्याचं शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च, एवढं कापून बाकी पैसे परत येतात. ते आले की थेट कार्डावर भरा. उरलेले चार-पाच हजार एका पगारात फिटतील. पुढच्या हप्त्यांसाठी ऑटो-डेबिटवर सही घेतली असेल तर तेही बंद करा.

मुदत चुकली तर? ऑक्टोबर २०२४ च्या नियमांमुळे एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल तर वर्षानंतर काही सरेंडर मूल्य (पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम) मिळतं. पण 'काही' म्हणजे पूर्ण नव्हे, आणि तोवर कार्डाचं व्याज धावतच राहील.

आता केस. मी त्वचेचा डॉक्टर नाही, पण ४८,००० खर्चण्याआधी जे विचारायला हवं ते विचारतो. डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भरमसाट गळतात आणि बहुतेकांचे पुढच्या सहाएक महिन्यांत पुन्हा येऊ लागतात. तुमच्या तारखा अगदी तशाच जुळतात. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचारोग ओपीडीत एकदा दाखवा, लोह आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. जे फुकट परत येण्याची शक्यता आहे, त्यासाठी वर्षभराचं कर्ज काढू नका.

'पर्मनंट' हा शब्द तर सोडूनच द्या. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, त्याबरोबर जोडही खाली सरकतो. केराटिन बाँड तीन-चार महिन्यांत काढावे लागतात, टेप सहा ते आठ आठवड्यांत वर घ्यावी लागते. टेपच्या एका फेरीचे पाच हजार धरा, वर्षात सहा फेऱ्या: २८,००० चे ५८,००० झाले. सलूनने हे दुसरे तीस हजार सांगितले होते का? शिवाय टेपचा गोंद तेलाने सुटतो. रविवारी आईने डोक्यावर खोबरेल घातलं की पट्ट्या उशीवर.

मुख्य भीती ओढीची. प्रत्येक जोड तुमच्या मोजक्या केसांना लटकतो. केस आधीच गळत असताना त्यांच्यावर रात्रंदिवस वजन टाकलं तर मूळ दुखावतं, आणि ही ओढ फार काळ राहिली तर त्या जागी केस कायमचे जाऊ शकतात. वर मायेने पसरवलेली क्रीम-सीरम यात काही करू शकत नाहीत. म्हणून सध्या केराटिन बाँड, टेप, मायक्रो रिंग (बारीक कडीने अडकवायचे), शिवून लावायचे, सगळे बाद.

राहतात क्लिपवाले. ड्युटीला लावा, घरी आल्यावर काढा, लावून झोपू नका, रोज त्याच जागी क्लिप मारू नका. दुखलं किंवा डोकं ठणकलं तर लगेच काढा. भांगाजवळ विरळ झालं असेल तर लांबी वाढवणारे एक्स्टेन्शन्स उपयोगाचे नाहीत, तिथे क्लिपचा टॉपर (भांगावर बसवायचा केसांचा तुकडा) लागतो. हलका घ्या. खऱ्या केसांचा, रेमी म्हणजे सगळे केस एकाच दिशेने असलेला. दुकानदाराकडून एक केस मागून जाळून बघा: खरा असेल तर जळक्या पिसासारखा वास येऊन राख होते, प्लॅस्टिक असेल तर वितळून गुठळी होते. आठ-दहा हजारांत काम होईल.

तेही कार्डावर नको. मागची बाकी थकलेली असताना नव्या खरेदीला व्याजमुक्त दिवस मिळत नाहीत. नो-कॉस्ट ईएमआयमध्येही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी आपल्याच बिलात येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सर्व्हिस चार्जमधून रोख घ्या, लग्न डिसेंबरात आहे. अंबाड्यावर अबोलीची फाती (गजरा) माळली की मागचं अर्धं डोकं तसंही झाकतं.

आईसाठी विमा हवाच असेल तर कार्ड कोरं झाल्यावर ५० लाखांचा साधा टर्म प्लॅन (फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा विमा) बघा. तुमच्या वयाला वर्षाला दहा हजारांच्या आत मिळावा.

आणि रद्द करण्याचा ईमेल गेला की बँकेच्या मॅडमचा फोन येईल. 'नुकसान होईल, सोमवारी या, साहेब रजेवर आहेत.' सोमवारी जाऊ नका, तुमचे ३० दिवस असेच संपतात. जे काय असेल ते लेखी पाठवा म्हणा. कंपनी दाद देईना तर तिच्या तक्रार विभागाकडे, आणि तिथेही काही झालं नाही तर विमा नियामक आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा. शिक्क्याची पोच त्यासाठीच जपून ठेवायची.