टेक सूटचं लेबल आणि फोनवरचं "चालतं"

ताई, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. अकरा वर्षांचा मुलगा, पोहण्याच्या राज्य स्पर्धेला निवड झालीय, शेजारच्या लेनमधल्या पोराकडे बावीस हजारांचा टेक सूट आहे, म्हणजे वेग वाढावा म्हणून घालतात तो घट्ट जॅमर, गुडघ्यापर्यंतची पोहण्याची चड्डी, पोहणं शिकवणारे सर म्हणतात घेऊन टाका, आणि मुलगा रडून विचारतोय की त्याच्याकडे आहे माझ्याकडे नाही, मग ही रेस बरोबरीची कशी. हेच माझ्या मुलीने मला आठ वर्षांपूर्वी विचारलं होतं, डिसेंबरच्या थंडीत पंचवटीतून त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावाकडे जाताना, स्कूटरवर मागे बसून. म्हणून लांब लिहितोय.

आधीच सांगतो, मी कोच नाही, पंच नाही, पाच-सहा वर्षं मुलीला घेऊन स्पर्धांना फिरलेला बाप आहे. नियम तेव्हापासून बदललेले असू शकतात, तुमच्या स्पर्धेचं परिपत्रक तेच खरं धरा.

पहिलं म्हणजे मुलाला सांगा की त्याचा प्रश्न अगदी बरोबर आहे. याच प्रश्नावरून सगळ्या जगाचं पोहणं ढवळून निघालं होतं. 2008 च्या फेब्रुवारीत स्पीडो कंपनीचा एलझेडआर रेसर नावाचा सूट आला, नासाच्या विंड टनेलमध्ये कापड तपासून बनवलेला, अंगावर पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकच्या पट्ट्या. जपानच्या खेळाडूंचे करार त्यांच्याच देशातल्या कंपन्यांशी होते, पण त्यांच्या किताजिमाने तो सूट घालून 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा विश्वविक्रम केला आणि मग जपानच्या संघटनेला आपल्या पोहणाऱ्यांना मोकळीक द्यावीच लागली. बीजिंग ऑलिंपिकला 25 विश्वविक्रम झाले, त्यातले 23 याच सूटमध्ये. पुढच्या वर्षी रोमच्या जागतिक स्पर्धेला तर पूर्ण पॉलियुरेथेनचे सूट आले, म्हणजे जवळजवळ रबरच, आणि एका स्पर्धेत 43 विश्वविक्रम. बीडरमान नावाचा जर्मन मुलगा बीजिंगला 200 मीटर फ्रीस्टाइलमध्ये पाचवा आला होता, वेळ 1:46.00, म्हणजे एक मिनिट सेहेचाळीस सेकंद. वर्षभरात 1:42.00, आणि तेही फेल्प्सला मागे टाकून. सूटमुळे फरक पडतो हे त्याने स्वतःच कबूल केलं होतं. तो विक्रम इतक्या वर्षांत कुणाला मोडता आला नाहीये, मोठमोठे पोहणारे त्याच्या मागे लागून थकले.

त्यात जादू काही नव्हती. ते पाणी शोषत नव्हतं, अंग घट्ट आवळून धरत होतं आणि हवा अडकल्यामुळे माणूस पाण्यावर जरा वर राहत होता. दमल्यावर शेवटच्या पंचवीस मीटरला पाय खाली जायला लागतात ना, ते या सूटमध्ये जात नव्हते. म्हणजे ज्याने पोटाचा आणि पाठीचा व्यायाम करून अंग सरळ ठेवायला शिकलं त्याची मेहनत दुसऱ्याने दुकानातून विकत घेतली. मला याचा आजही राग येतो. शेवटी जगभरच्या पोहण्याचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने, तेव्हाच्या फिनाने, आता वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स म्हणतात, 1 जानेवारी 2010 पासून बंदी आणली. फक्त कापड, चेन नाही, पुरुषांना बेंबीच्या खाली ते गुडघ्यापर्यंत, बायकांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि मान्यता मिळालेल्या यादीतलाच सूट.

ती मान्यता ओळखायची खूण म्हणजे सूटवरचं छोटं चौकोनी लेबल, आणि माझं सगळं नुकसान त्याच लेबलापायी झालं.

मुलगी तेरा वर्षांची होती. भिशीचे पैसे आले होते, त्यातून साडेअठरा हजारांचा सूट घेतला. लेबल मागे कमरेच्या खाली होतं, त्याचा एक कोपरा उसवून कडक झालेला. दोन ट्रायलमध्येच तिथे लाल चट्टा उठला, बसताना तिला टोचायला लागलं. मला वाटलं काढून टाकू. तरी शंका होती म्हणून स्पर्धा ज्यांच्याकडे होती त्यांच्या ऑफिसला फोन केला. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा म्हणाले साहेब नाहीत, दुसऱ्यांदा उद्या करा, तिसऱ्यांदा एकजण म्हणाला "ब्रँडेड आहे ना? मग चालतं, लेबल कोण बघतंय." झालं, मी रात्री चष्मा लावून ब्लेडने एकेक टाका उसवला, कापडाला धक्का लागू नये म्हणून खाली पोस्टकार्ड धरलं होतं. लेबल कचऱ्यात टाकलं. तेही जपून ठेवलं नाही.

स्पर्धा बाहेरगावी होती. 100 मीटर बटरफ्लाय, तिचा सगळ्यात चांगला इव्हेंट. कॉल रूममध्ये, म्हणजे रेसच्या आधी पोहणाऱ्यांना जमवतात त्या खोलीत, एक बाई पंच होत्या, त्या प्रत्येक मुलीला पाठमोरी उभं करून लेबल बघत होत्या. हिच्या सूटवर नुसती सुईची भोकं. म्हणाल्या, हा चालणार नाही, बदलून ये. आता ज्यांनी हा सूट कधी घातला नाही त्यांना सांगतो, तो घालायला आमच्या पोरीला वीस मिनिटं लागायची, आणि घामाने ओल्या अंगावरून काढायचा तर त्याहून वाईट. तिची आई आत ओढतेय, मुलगी रडतेय, बाहेर हीटची, म्हणजे तिच्या प्राथमिक फेरीची, नावं पुकारतायत. साधा कॉस्च्युम घालून ती पळत आली तेव्हा तिची हीट पाण्यात होती. कागदावर गैरहजर असा शिक्का. वर्षभर सकाळी साडेपाचला उठणाऱ्या मुलीपुढे गैरहजर!

त्या पंचबाईंचं चुकलं असं मी कधीच म्हटलं नाही, त्यांनी नियम पाळला. चीड आहे ती त्या ऑफिसची. परत आल्यावर चार चकरा मारल्या. आधी म्हणे लेखी द्या, लेखी दिलं तर पोच द्यायला तयार नाहीत, मग म्हणे फोनवर कोण बोललं त्याचं नाव सांगा. मी नाव विचारलंच नव्हतं. पुढचं वर्षभर माझी पोरगी माझ्याशी पोहण्याबद्दल मोकळेपणी बोलली नाही, ते कोणत्या अर्जात लिहू?

म्हणून ताई, काहीही विचारायचं तर ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा, उत्तर आलं की स्क्रीनशॉट ठेवा, फोनवरच्या "चालतं"वर एक पैसा खर्च करू नका. आणि लेबलाला हात लावू नका, टोचलं तर आतून मऊ टेप लावा पण तेही आधी विचारून.

आता घ्यायचा की नाही. माझं मत विचाराल तर अकराव्या वर्षी अजिबात नको. अमेरिकेत बारा आणि त्याखालच्या मुलांना असे सूट स्पर्धेत घालायला 2020 च्या सप्टेंबरपासून मनाई आहे, आणि आपल्याकडेही हे व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. या वयात पोराला आवळून धरायला अंगावर असतं काय? वर सहा महिन्यांत उंची वाढते आणि बावीस हजार कपाटात. मुलाचा टर्न बघा कधी कडेला उभं राहून. भिंतीला ढकलल्यावर हात कानाला चिकटलेले असतात की डोकं वर येतं? आमच्या मुलीचा सगळा वेळ तिथे जात होता आणि मी सूटच्या मागे लागलो होतो. जॅमर साधा, मापाचा, लेबलवाला घ्या, दोन-अडीच हजारात चांगला मिळतो. सरांना वाईट वाटेल म्हणून घेऊ नका, ते तुमच्या घरचे हप्ते भरणार नाहीत. सर चांगलेच असतील, पण हे बोलावं लागतं.

तरीही घेतलात तर, खोबरेल तेल लावलेल्या अंगावर चढवू नका, नखं कापा, पायात प्लास्टिकची पिशवी घालून त्यावरून ओढा म्हणजे सरकतो. सरावाला घालायचा नाही. साध्या गार पाण्यात धुवायचा, साबण नाही, सावलीत वाळवायचा. आणि सूट बदलावा लागला तर म्हणून दुसरा कॉस्च्युम बॅगेत नाही, कॉल रूमपर्यंत आईच्या हातात पाहिजे.

मुलाच्या गटाचं परिपत्रक मिळालं की इथे फोटो टाका, सूटबद्दलचा मुद्दा नसेल तर काय आणि कसं लेखी विचारायचं ते मी मजकूर करून देतो.