पहिली-दुसरीच्या मुलांना शाळेत आरोग्याच्या सवयी कशा लावाव्यात, आणि त्यांचा अभ्यासाला खरोखर उपयोग होतो का?

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते आणि बरीच वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग माझ्याकडेच आहेत. आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर मी आधी देते, कारण ते पटल्याशिवाय कोणताही शिक्षक या कामासाठी शाळेचा वेळ काढणार नाही.

वाचनात मागे पडणाऱ्या मुलाला आपण पटकन ‘लक्ष देत नाही’ असे म्हणतो; परंतु ते मूल उपाशी आले आहे का, रात्री पुरेसे झोपले आहे का, त्याला फळ्यावरचे नीट दिसते का, त्याच्या पोटात जंत आहेत का, हे आधी पाहायला हवे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी 68.9 टक्के बालकांमध्ये रक्तक्षय (रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे) आढळला, आणि हीच बालके पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. लोह कमी पडले की मूल लवकर थकते आणि त्याचे लक्ष टिकत नाही. त्यात अंकुशकृमी या जंतांची भर पडली तर ते आतड्यातून रक्तच शोषतात, आणि त्यांच्या अळ्या दूषित मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेवाटे शरीरात शिरतात. त्यामुळे चप्पल घालणे, हात धुणे आणि जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी चावून खाणे या गोष्टी माझ्या दृष्टीने वाचनाच्या तयारीचाच भाग आहेत.

आता सवयी कशा लावायच्या, याविषयी. माझे ठाम मत असे आहे की या वयातील मुलांना सवय सांगून लागत नाही. ती वेळापत्रकात आणि शाळेच्या मांडणीत बसवावी लागते. परिपाठात स्वच्छतेवर भाषण ऐकलेले मूल ‘जेवणापूर्वी हात धुवावेत’ हे वाक्य पाठ म्हणून दाखवते आणि मधल्या सुट्टीत तसेच ताटलीकडे धावते. तो त्याचा दोष नसतो. नळ त्याच्या हाताला पुरत नाही, साबण मुख्याध्यापकांच्या कपाटात असतो आणि खिचडीचा वास तर सुटलेला असतो. म्हणून आमच्याकडे जेवणाची सुट्टी होण्यापूर्वी दहा मिनिटे हात धुण्यासाठी राखून ठेवलेली आहेत. साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून नळाजवळ बांधली की ती खाली पडत नाही आणि हरवतही नाही. नळ पुरेसे नसतील तर प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला बारीक छिद्रे पाडून तीत साबणाचे पाणी भरावे. एक मूल ते ओतते आणि दुसरे हात चोळते. तळहात, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखे या क्रमाने किमान 20 सेकंद चोळायचे असते. तेवढ्या वेळासाठी मुले दोनचा पाढा सावकाश दोनदा म्हणतात, आणि पाढाही आपोआप पक्का होतो. साबणाने हात धुण्यामुळे जुलाबाचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी घटते, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे, आणि पहिलीच्या मुलाचे चार दिवस बुडाले तर तेवढ्यात दोन-तीन अक्षरे त्याच्या हातून निसटतात.

पाणी पिण्याच्या सवयीचे मूळ मात्र भलत्याच ठिकाणी असते. स्वच्छतागृह घाण असेल किंवा त्याची कडी मोडलेली असेल, तर मुली दिवसभर पाणी पिणेच टाळतात, आणि दुपारी डोके दुखते म्हणून बाकावर डोके टेकून बसतात. अशा शाळेत ‘पाणी प्या’ असे कितीही सांगितले तरी काही उपयोग होत नाही. आधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कडी, पाणी आणि बादली हे विषय घ्यावेत, आणि मगच पाणी पिण्यासाठी दिवसातून दोन-तीन वेळा घंटा द्यावी.

आहाराबाबत बोलायचे तर शालेय पोषण आहारातून पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरलेले आहे. पण उसळीतील मटकी बाजूला सारून नुसता भात खाल्ला तर ती प्रथिने ताटलीतच राहतात. शिक्षकाने मुलांच्या पंगतीत बसून तेच अन्न खावे, हा मला माहीत असलेला सर्वांत परिणामकारक उपाय आहे. शक्य असेल तेव्हा जेवणावर लिंबू पिळावे, कारण त्यामुळे डाळी-भाज्यांतील लोह अधिक शोषले जाते. चहाने नेमके उलट होते. सकाळी चहा-बिस्किटांवर आलेल्या मुलाच्या पालकांना बोलावून दोष देऊ नये. शेतावर किंवा मजुरीला पहाटे जाणाऱ्या आईला ‘रात्रीची भाकरी आणि दूध किंवा शेंगदाणे दिले तरी चालेल’ एवढे सांगितले की ती ते करते, असा माझा अनुभव आहे.

झोपेचा विषय शाळेच्या हातात थोडाच आहे. या वयात 9 ते 12 तास झोप लागते. राज्य शासनाने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 नंतर भरवण्याचा निर्णय घेतला तो याच कारणाने, आणि मला तो योग्य वाटतो. पालकसभेत मोबाईलबद्दल मी एवढेच मागते की झोपण्याच्या जागी तो नसावा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. नखे किंवा कपडे तपासताना एखाद्या मुलाला सर्वांसमोर उभे करू नये. ज्या घरात पाणी दुरून आणावे लागते, तेथील मूल अशा तपासणीच्या दिवशी शाळेतच येत नाही, आणि मग स्वच्छतेबरोबर अभ्यासही जातो. वर्गात एक नेलकटर ठेवावे आणि शनिवारी आपणच नखे कापून द्यावीत.

आपण जूनमध्ये सुरुवात करणार असाल तर दिवाळीपर्यंत फक्त जेवणापूर्वीचे हात धुणे घ्यावे आणि एकही दिवस चुकवू नये. मुले सूचनेची वाट न पाहता नळाकडे वळू लागली की पाण्याची घंटा सुरू करावी, आणि पुढच्या वर्षी पहिलीच्या नव्या मुलांना हात धुवायला शिकवण्याचे काम दुसरीच्या मुलांकडे द्यावे. ती ते आपल्यापेक्षा अधिक काटेकोरपणे करतात.